माझा करडा रंग

मी एक जुनी युद्धनौका आहे. घाबरू नका मित्रांनो, माझी लांबी तुमच्या हाताएवढीच आहे आणि पाणी मी कधी पाहिलेलेही नाही. छत्रपती संभाजीनगरात समुद्र कुठला!

अनंतरावांनी मला सागवानातून कोरले ते त्यांचे मित्र बद्रीनाथभाऊ यांच्यासाठी. भाऊ पडेगावचे. तरुणपणी ते नौदलात होते. ज्या जहाजावर ते राबले, ते केव्हाच भंगारात गेले. आता काचबिंदूने भाऊंची नजर विझत चालली होती.

"डोळे हायेत तवर माझं जहाज एकदा दाखवा," एवढेच त्यांचे मागणे होते.

माझ्या तोफा, डोलकाठी, नांगर सारे लवकर तयार झाले. अडला तो रंग. जुने फोटो सगळे कृष्णधवल. अनंतरावांनी पुस्तके मागवली, परगावच्या जाणकारांना विचारले. गुलमंडीच्या बाजारातून रंगाचे डबे आणून पांढऱ्यात काळा, मग थेंबभर निळा मिसळला. रंगवलेल्या पट्ट्या खिडकीत वाळत राहिल्या. माझ्या अंगावर मात्र रंगाआधीचे लाल अस्तरच.

भाऊ रविवारी यायचे, पट्टी डोळ्यांजवळ धरायचे.

"ह्यो. जरा निळसर."

"मागच्या रविवारी हिरवट म्हणालात!"

"तवा तसा बी होता. उन्हानं, खाऱ्या वाऱ्यानं रंग सारखा बदलायचा, अनंतराव. कोणताबी लावा, मी वळखीन."

"तुमचं जहाज चुकीच्या रंगात देऊ? थोडं थांबा."

आतून अनंतरावांच्या पत्नी दमयंतीकाकू म्हणायच्या, "माझ्या लग्नातल्या शालूला एवढे रंग पाहिले नव्हते यांनी!" सगळे हसायचे. मीही मनात हसायचे.

असे दोन पावसाळे गेले. शेवटी एका संग्राहकाकडून त्या काळच्या रंगाचा अस्सल नमुना आला. छटा हुबेहूब जुळली आणि मला रंग लागला.

त्या रविवारी भाऊ आले ते नातीचा, ओवीचा हात धरून. उंबऱ्याची त्यांना ठेच लागली, तेव्हाच मला कळले, नजर पुरती विझली होती.

अनंतरावांनी मला त्यांच्या ओंजळीत ठेवले. बोटे तोफांवरून, डोलकाठीवरून फिरली. मग त्यांनी मला नाकाशी नेले.

"वास तोच हाय," ते म्हणाले. आणि त्यांनी विचारले, "कोणता लावला?"

अनंतराव खिडकीतल्या पट्ट्यांकडे पाहू लागले. ओवीच म्हणाली, "करडा हाय, आबा. जरा निळसर."

मित्रांनो, खरे शोधण्यासाठी जरूर झिजा. पण ज्याच्यासाठी शोधता, त्याच्याकडेही अधूनमधून पाहत जा.

आता मी पडेगावात भाऊंच्या उशाशी असते. माझा रंग अगदी अचूक आहे. त्यांची बोटे रोज फिरून फिरून तो कडांवरून उडू लागला आहे.