विकतचा गंज

मी एक जुनी बास गिटार आहे, असं मला पाहणारा प्रत्येकजण म्हणतो. माझं लाकूड ठिकठिकाणी खरचटलेलं आहे, रंग उडालेला आहे. कुणाच्या तरी आजोबांनी तरुणपणी मला वाजवलं असेल असं वाटतं. मित्रांनो, लोकांचं मनावर घेऊ नका. माझ्या मालकाच्या घरची शेळीसुद्धा माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे! माझ्या अंगावरचं लोखंड मात्र लखलखतं, आणि ते बघून जाणकार नाक मुरडतात. त्या लोखंडाचीच गोष्ट मला सांगायची आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. मला चार जाड तारा आहेत. त्या खाली एका लोखंडी पट्टीत अडकवलेल्या असतात आणि वर चार खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात. साधी गिटार चिवचिवते, मी घुमते. पण वीज आणि स्पीकर नसेल तर माझा आवाज शेजारच्या खोलीतही जात नाही. मी नुसती अंगातल्या अंगात थरथरते.

पुण्याच्या दुकानातून मला रणधीरनं घेतलं. रणधीर तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरचा. वडील कोंडीराम ज्वारी आणि सोयाबीन पिकवतात. तो पुण्यात एका कंपनीत नोकरीला होता आणि संध्याकाळी एका बँडमध्ये वाजवायचा. पहिले काही महिने त्यानं मला लेकरासारखं जपलं. वाजवून झालं की मऊ फडक्यानं पुसायचा. मी आरशासारखी चमकत होते आणि मला त्याचा गर्वही होता, कशाला खोटं बोलू?

पण तीच चमक त्याला नडली. बँडमधले बाकीचे त्याला चिडवायचे, "काय रे, कालच खोक्यातून काढलीस का?" त्या लोकांत नवं वाद्य म्हणजे नवखा वादक. जुनं ते सोनं म्हणतात, तसं त्यांचं होतं. मग रणधीरला कळलं की हे जुनेपण विकतही मिळतं. एक कारागीर नवी वाद्यं जुनी करून देतो.

त्या कारागिरानं माझे सगळे लोखंडी भाग काढले आणि अ‍ॅसिडच्या वाफेवर एका बंद डब्यात ठेवले. माझं लाकूड त्यानं कानशीनं घासलं, किल्ल्यांच्या जुडग्यानं ठेचलं. ज्यांना खरंच म्हातारपण येतं त्यांनी काहीतरी केलेलं असतं, काहीतरी बघितलेलं असतं. मी तर अजून धड चार कार्यक्रमही केले नव्हते. डब्यातून बाहेर काढलं तेव्हा माझी पट्टी तांबूस झाली होती, खुंट्यांवर काळपट पुटं चढली होती. कारागीर म्हणाला, "याला अधूनमधून तेल लावत जा, नाहीतर गंज आत शिरेल." रणधीरनं मान डोलावली. पण तेलानं गंजाचा रंग मळतो म्हणून त्यानं कधी तेल लावलं नाही.

आता स्टेजवर माझं कौतुक होऊ लागलं. कार्यक्रम संपला की पोरं जवळ येऊन विचारायची, "किती वर्षांची आहे हो?" रणधीर नुसता हसायचा. तेव्हा माझ्या पट्टीच्या स्क्रूंमध्ये खरा गंज हळूहळू शिरत होता. तो कुणाला दिसत नव्हता.

त्या वर्षी तो नवरात्रात मला घेऊन अणदूरला आला. दसरा झाला की पुण्यात बँडचा मोठा कार्यक्रम होता, म्हणून सराव चुकू नये असा त्याचा विचार. घरी आई होती, सारजाबाई. कानानं त्यांना कमी ऐकू यायचं. मी कशी वाजते ते त्यांना कधी कळलंच नव्हतं. रणधीर माझ्या तारा छेडायचा तेव्हा त्या त्याच्या तोंडाकडे बघून समाधान मानायच्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, त्या घरी सगळी हत्यारं धुतात. विळे, कुऱ्हाड, कोयता, फवारणीचा पंप, शिलाई मशीनची कात्री, भिंतीवरचं तुणतुणं, असं सगळं घासूनपुसून देवापुढे मांडतात आणि झेंडूची फुलं वाहतात. ज्या वस्तूवर पोट चालतं तिला त्या दिवशी विसावा असतो. त्या घरात एक समज पक्का आहे. देवापुढे गंजकं हत्यार ठेवायचं नाही, कारण हत्याराला गंज चढला म्हणजे ते चालवणाऱ्याचे दिवस फिरले.

रणधीर मित्रांबरोबर तुळजापूरला दर्शनाला गेला होता. मलाही पूजेला मांडायचं म्हणून सारजाबाईंनी माझी पिशवी उघडली. माझ्या पट्टीवरून त्यांनी बोट फिरवलं, बोटाला लागलेला तांबूस चुरा बघितला. मग त्यांनी कोंडीरामांना हाक मारली.

"अवं, हिकडं या. ह्याचं बरं चाललेलं न्हाय बगा पुण्यात."

"कशावरनं म्हनतीस?" कोंडीरामांनी मोठ्यानं विचारलं.

"तोंडानं सांगत न्हाय लेकरू, पर हत्यार सांगतंय. लई गंजलंय."

त्यांनी चिंच कालवली, चुलीतली राख घेतली, नारळाचा काथ्या घेतला. तारा न काढता, बोटं खाली घालून घालून त्यांनी माझी पट्टी घासली, एकेक खुंटी घासली. घासताना त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडत होतं. डब्यात मला जे झालं ते मी विसरले नव्हते, पण त्या हातांखाली मला पहिल्यांदा हलकं वाटलं. मग ओल्या फडक्यानं, कोरड्या फडक्यानं पुसून त्यांनी खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. काथ्यानं माझ्या पट्टीवर बारीक गोल गोल ओरखडे उठले होते. दुपारी मी विळ्याशेजारी, अंगावर झेंडू घेऊन, देवापुढे बसले होते.

संध्याकाळी रणधीर आला. मला बघून त्याचा चेहरा पांढरा पडला.

"आई, काय केलंस हे! वाट लावलीस सगळी!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की सारजाबाईंनाही सगळं ऐकू गेलं. "हा गंज पैसे देऊन चढवला होता म्या! तुला काय कळतंय ह्यातलं?"

सारजाबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "गंज चढवला? मुद्दाम?" त्यांनी एवढंच विचारलं. त्यावर तो आणखी चिडला.

"राहू दे ती आता इथंच. घाल भंगारात!"

दुसऱ्या दिवशी दसरा. लोक सीमोल्लंघनाला निघायच्या आधीच रणधीर एसटीत बसून निघून गेला. आईच्या हातात आपट्याचं पान दिलं नाही, की पाया पडला नाही. मित्रांनो, दसऱ्याला सोनं न देता घरातून निघून जाणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. सारजाबाईंनी त्याच्या वाटणीचं आपट्याचं पान माझ्या तारांखाली खोचलं आणि पिशवी बंद केली.

त्यानंतर मी कोपऱ्यात धान्याच्या कोठीवर पडून होते. ज्याची मी, त्यानं मला टाकलं होतं. पण दर बाजाराच्या दिवशी सारजाबाई मला बाहेर काढायच्या आणि तेल लावायच्या. ते पान जरा उचलायच्या, पुसायच्या, परत तिथंच ठेवायच्या. रणधीरचा फोन कोंडीरामांना यायचा. "आई कशी आहे," एवढं विचारून तो ठेवायचा. फोनवर आईला ऐकू येत नाही, ही सबब त्याला बरी सापडली होती.

माघ महिन्यात सारजाबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. सोलापूरच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणलं त्या दिवशी कोंडीरामांनी कळवलं आणि रणधीर धावत आला. आईच्या खाटेजवळ उभा राहिला. कोंडीरामांनी मला कोठीवरून काढून त्याच्या हातात दिलं.

"ही घे तुजी. दर बाजाराला तेल लावत हुती ती. ह्या बाजाराला तेवढं राह्यलं."

त्यानं पिशवी उघडली. माझ्या तारांखालचं पान वाळून तपकिरी झालं होतं. त्यानं ते अलगद काढलं. मग पट्टी हलवून बघितली. एक स्क्रू बाहेर काढला तर तो आतून अर्धा गंजानं खाल्लेला होता, आणि उरलेल्या अर्ध्याला तेलाचा ओलावा होता. तो जागच्या जागी खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

रडणं ओसरल्यावर त्यानं मला आईच्या कुशीला टेकवून धरलं. त्यांचा चालता डावा हात उचलला, माझ्या लाकडावर ठेवला आणि माझी सगळ्यात जाड तार छेडली. घरात कुणाला फारसं काही ऐकू आलं नसेल, पण मी होता नव्हता तेवढा जीव एकवटून थरथरले. सारजाबाईंचे डोळे मोठे झाले. त्यांना माझा आवाज हातानं कळला होता. त्या बराच वेळ हात तसाच ठेवून होत्या. मग ओठ जमवून जमवून त्यांनी विचारलं,

"बरं... चाललंय... न्हवं... तुजं?"

"व्हय, आई. बरं चाललंय," तो म्हणाला, आणि ऐकू नाही आलं तरी त्यांना कळावं म्हणून मान हलवत राहिला. ते वाळलेलं पान त्यानं त्यांच्या तळहातात ठेवलं आणि पायांवर डोकं टेकलं. माघात कुणी सोनं देत नाही. त्या घरानं दिलं आणि घेतलं.

आता सारजाबाई नाहीत. रणधीर मला घेऊन अजून वाजवतो. कुणी म्हणतं, "लाकूड एवढं जुनं आणि पट्टी एवढी चकचकीत? शोभत नाही, तिच्यावरही गंज चढवून घ्या." तो नको म्हणतो. त्यानं आतले स्क्रू तेवढे नवे घातलेत.

मित्रांनो, तुमच्या घरच्या वस्तूंना तेल लावा, पुसून ठेवा, हे तर मी सांगेनच. पण तुमची वस्तू कुणी न विचारता घासत बसलं असेल, तर ओरडण्याआधी त्यांच्याजवळ बसा आणि त्यांना कसली काळजी लागली आहे ते विचारा. खंडेनवमीला आता रणधीर स्वतः चिंच कालवतो. माझ्या खुंट्या घासतो. पट्टीवर मात्र नुसतं फडकं फिरवतो, कारण तिथले गोल गोल ओरखडे त्याला पुसले जाऊ द्यायचे नाहीत.