परातीतला आवाज

कामशेतच्या बाजारपेठेत लीलाबाईंचं तांदळाचं दुकान आहे. दुकानामागची पत्र्याची शेड त्यांनी प्रतीक्षाला भाड्याने दिली तेव्हा ही मुलगी गाड्यांत स्पीकर बसवते, एवढंच त्यांना ठाऊक होतं. लीलाबाईंना लहानपणीच्या एका तापानंतर काहीच ऐकू येत नव्हतं. समोरच्याचे ओठ बघून त्या बोलणं ओळखत. स्वतः मात्र सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं बोलत.

प्रतीक्षा मूळची तिकोणा पेठेची. पवना धरणावर पर्यटकांच्या फायबरच्या बोटी दुरुस्त करता करता फायबर जोडणाऱ्या चिकट रसायनावर, रेझिनवर, तिचा हात बसला होता. पण रेझिनला उग्र वास असतो, आणि शेडमधला वास थेट दुकानात यायचा. त्यावरून पहिल्याच आठवड्यात भांडण झालं.

"ए पोरी! माज्या इंद्रायणीला रॉकेलावानी वास यायला लागलाय. गिऱ्हाईक मूठभर हुंगतंय आन् माघारी जातंय!"

प्रतीक्षाने तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि ओठ नीट दिसतील असं सावकाश म्हणाली, "मावशी, आजच मागच्या भिंतीत पंखा बसवते. वास शेताकडे जाईल."

"आन् न्हाई गेला तर?"

"तर मी जाईन."

पंखा बसला, वास गेला. लीलाबाईंचा विश्वास मात्र बसला नाही. दुपारची जेवणं उरकली की त्या रोज शेडमध्ये डोकवायला यायला लागल्या.

तेव्हा शेडमध्ये प्रितमची जीप उभी होती. तिकोण्याच्या आणि लोहगडाच्या पायथ्याशी पर्यटक पोचवायचा त्याचा धंदा. त्याने बजावून सांगितलं होतं, "ताई, मागची सीट हलवायची न्हाई, माणसं बसली पायजेत. पन ढोल वाजला की छातीत वाजला पायजे."

असा आवाज द्यायला मोठा स्पीकर लागतो आणि त्याच्या पाठीमागे बंद डब्यात कोंडलेली हवा लागते. चौकोनी डबा जीपमध्ये मावत नव्हता. मागच्या चाकावर आलेल्या पत्र्याच्या फुगवट्यापाशी एक वेडीवाकडी सांद तेवढी मोकळी होती. प्रतीक्षाने डबा त्या सांदीच्याच आकाराचा घडवायचं ठरवलं.

तिने सांदीतल्या पत्र्यावर चिकटपट्टी लावली आणि त्यावर काचतंतूंची चटई रेझिनमध्ये भिजवून थरावर थर बसवले. सुकल्यावर तो साचा ओढून काढला, तर सगळ्या खाचा नि उंचवट्यांसकट जीपचा तो कोपराच तिच्या हातात आला. मग स्पीकरची गोल लाकडी कडी तिने काड्यांच्या टेकूवर साच्याच्या पुढ्यात उभी केली. कडीपासून साच्याच्या काठापर्यंत फ्लीसचं मऊ कापड ताणून चिकटवत असताना लीलाबाई आल्या.

"ह्ये काय गं? गाडीला कुंची शिवतीस व्हय?"

"बसा मावशी. बघा गंमत."

प्रतीक्षाने कापडावर रेझिनचा ब्रश फिरवला. कापड ते पीत गेलं, काळपट झालं. गोल कडीपासून वाकड्या काठापर्यंत एक सुरेख उतार पडला होता, डोंगराची सोंड शेतात उतरावी तसा. तो कुणी काढला नव्हता. ताणलेल्या कापडाने आपली वाट आपणच शोधली होती.

थोड्या वेळाने प्रतीक्षाने लीलाबाईंचा तळवा त्या उतारापासून वीतभर अंतरावर धरला. ऊब लागली.

"ताप आलाय ह्याला," लीलाबाई म्हणाल्या.

"आता घट्ट होईल."

चहा झाला, आणखी थोडा वेळ गेला. प्रतीक्षाने बोटाच्या पेराने कापडावर टकटक करून दाखवलं. लीलाबाईंनीही हात लावला. मघाशी टोपड्यासारखं मऊ असलेलं कापड खापरासारखं टणक झालं होतं. त्यांनी हात मागे घेतला आणि पुन्हा लावला.

"कापड व्हतं की गं," त्या म्हणाल्या. "माज्या डोळ्यांदेखत कापड व्हतं."

आता आतल्या हवेचं माप हवं होतं. असल्या वाकड्या पोटाचा हिशेब पट्टीने होत नाही, धान्य भरूनच बघावं लागतं. प्रतीक्षाने तांदूळ मागितला.

"ह्या वासाच्या डब्यात माजा तांदूळ? कोंबड्यांची कणी देते, ती घे."

डब्यात प्लॅस्टिकची पिशवी घालून त्यांनी पायलीने कणी ओतली. डबा लवकर भरला. फारच लवकर. स्पीकरला लागणाऱ्या हवेपेक्षा जागा कमी पडत होती. प्रतीक्षाने पायली खाली ठेवली.

"सगळं चुकलं, मावशी. कडी अजून पुढं घ्यायला हवी होती."

"मग काप. करपलेली भाकर तव्यावर ठिवून ती पांढरी व्हते का?"

प्रतीक्षाने करवत उचलली आणि तो सुरेख उतार कापून काढला. कडी पुढे सरकवली. या वेळी कापडाचं दुसरं टोक धरायला लीलाबाई उभ्या राहिल्या, पदर खोचून, गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगून, दुकान बंद करून. रेझिन सुकल्यावर दुसऱ्यांदा कणी ओतली तेव्हा माप बरोबर आलं. ती त्यांनी परातीने पुन्हा पोत्यात भरली, आणि तळाशी मूठभर कणी उरलेली परात ठेवायला जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून डब्यावरच ठेवली.

प्रतीक्षाने कडीत स्पीकर बसवला, तारा जोडल्या आणि चाचणीसाठी फोनवरून एक जाड, सरळ सूर लावला. परातीकडे तिचं लक्षच नव्हतं.

"पोरी!"

परातीतली कणी उठली होती. दाणे घरंगळत, उड्या मारत फिरत होते आणि बघता बघता त्यांचं एक गोल कडं तयार झालं. प्रतीक्षाने असलं कधी पाहिलं नव्हतं. तिने सूर किंचित चढवला. कडं मोडलं, दाणे सैरावैरा झाले आणि एकात एक अशी दोन कडी उभी राहिली. आणखी चढवल्यावर मधोमध चांदणीसारखं काहीतरी उमललं. सूर थांबवला आणि सगळे दाणे जागच्या जागी निपचित पडले.

लीलाबाईंनी परातीच्या खाली वाकून पाहिलं. "कोन हलवतंय?"

"कुणी नाही. आवाज आहे हा."

"आवाज?" त्यांनी तिच्या ओठांकडे पुन्हा पाहिलं. आपण चुकीचं वाचलं असं त्यांना वाटलं. "आवाज असा दिसतो?"

वर्षानुवर्षं प्रतीक्षा स्पीकर बसवत होती, पण आवाज कसा दिसतो हे तिने कुणाला कधी विचारलं नव्हतं. तिने ढोल लावला. कणी दर ठोक्याला वीतभर उडू लागली. लीलाबाईंनी दोन्ही तळवे डब्यावर ठेवले. जरा वेळाने त्यांची मान ठेक्यात हलायला लागली. डोळे परातीवरून हलत नव्हते.

"ह्यो ढोल," त्या म्हणाल्या, आणि एरवी पेठभर जाणारा त्यांचा आवाज जेमतेम प्रतीक्षापर्यंत पोचला. "आमच्या गावात वाजायचा. मी इसरलेच व्हते."

त्या दिवशी दुकान पुन्हा उघडलं नाही.

डबा घासूनपुसून, रंगवून जीपमध्ये बसला. प्रितमने ढोल लावून पाहिला, छातीवर हात ठेवला आणि हसत बसला. तो गेल्यावर प्रतीक्षा शेड झाडत होती, तेवढ्यात लीलाबाई पाण्याने भरलेला पेला घेऊन आल्या.

"एक इचारू? रेल्वे जाती तवा माज्या घरात पेल्यातल्या पान्यावर वलयं उठत्यात. मला वाटायचं, जमीन हलती. त्यो बी आवाजच का?"

"जमीनही हलते, मावशी. आणि आवाजही असतो."

"मंजे मी येवढी वर्सं बगत व्हते तर."

त्यांनी पेला फरशीवर ठेवला आणि शेजारी मांडी घातली. प्रतीक्षाने झाडू बाजूला टाकला आणि त्यांच्यासमोर बसली. लोणावळ्याच्या बाजूने मालगाडी येत होती. तिची शिट्टी प्रतीक्षाला ऐकू आली होती, पण तिने ते सांगितलं नाही. दोघी पाण्याकडे बघत राहिल्या. कडेपासून एक बारीक वलय उठलं, मग दुसरं, आणि मग सगळं पाणी थरथरू लागलं.

"आली," लीलाबाई म्हणाल्या.