‘इतर माहिती’चा रकाना

मी रकाना बोलतोय. कागदावरचा नव्हे, एका रुग्णालयाच्या संगणकातला. माझं नाव ‘इतर माहिती’. नावावरूनच माझी पत तुमच्या लक्षात आली असेल.

माझा जन्म वैतागातून झाला. डॉक्टर रोज नवं काहीतरी मागत. आज झोपेची नोंद हवी, उद्या भुकेची. दर मागणीला नवा रकाना करून करून प्रोग्रामरसाहेब मेटाकुटीला आले. शेवटी म्हणाले, "एकच मोठा रकाना देतो. काय कोंबायचं ते कोंबा." तो मी. माझा प्रकार ठरला साधा मजकूर. ठरवायला हातातला चहा संपेपर्यंतही वेळ लागला नाही.

मग सगळे कोंबू लागले. ताप, झोप, भूक, उशा, चष्मा कुठे ठेवलाय. प्रत्येक रुग्णाच्या ओळीत माझं एक गाठोडं. त्यातली एक नोंद बदलायची तर अख्खं गाठोडं बाहेर काढायचं, हवं ते बदलायचं आणि अख्खंच परत ठेवायचं. माणसांना तर सतत काही ना काही बदलायची भारी हौस. दोघांनी एकाच वेळी काढलं, तर नंतर ठेवणाऱ्याचं राहतं, आधीच्याचं जातं. आवाजसुद्धा होत नाही.

एका सकाळी एक आजी दाखल झाल्या. त्यांना पेनिसिलिन चालत नाही, असं लेकीने सांगितलं. सिस्टरनी ते लगेच माझ्यात लिहिलं. पण पलीकडच्या संगणकावर वॉर्डातल्या मावशींनी त्याआधीच तेच गाठोडं उघडलं होतं. आजींना दुसरी उशी दिल्याची नोंद करून त्यांनी ते परत ठेवलं. पेनिसिलिन गेलं, उशी राहिली. मला तरी काय, शेवटी ठेवतील तेच माझं.

दुपारी दुसऱ्या सिस्टर इंजेक्शन भरून आल्या.

"अहो, थांबा! आईला हे चालत नाही. सकाळीच सांगितलंय मी!" लेक ताडकन उठली.

"इथे तर काहीच नाही हो," सिस्टर पडद्याकडे बघत म्हणाल्या. "उशा दोन, एवढंच आहे."

सुई मागे गेली. माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी दुपारची गोष्ट ऐकून प्रोग्रामरसाहेब आणि त्यांची सहकारी बोलत बसले. तिला सगळे ताई म्हणतात.

"रकाना राहू दे, नुसता प्रकार बदलू," साहेब म्हणाले. "नव्या प्रकारात आतल्या एकाच नोंदीला हात लावता येतो."

"येतो, पण लिहिताना अख्खं गाठोडंच पुन्हा लिहिलं जातं. दिवसभर इतके हात नोंदी बदलणार, तर गाठोडं बांधायचंच कशाला? नवा तक्ता करू. प्रत्येक नोंदीला तिची वेगळी ओळ."

साहेब म्हणाले, "कर."

आता माझ्यातलं सगळं नव्या तक्त्यात गेलंय. उद्या मला पुसतील. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण ताई, तू नेलंस ते फक्त माझ्यात उरलेलं. आजींची लेक शेजारी बसली होती. ज्यांच्या शेजारी कोणीच नव्हतं, त्यांचं काय काय गेलं ते मलाही ठाऊक नाही. म्हणून मला पुसण्याआधी एवढं कर. वॉर्डात जा, आणि प्रत्येकाला पुन्हा विचार.