कैरोरोच्या विरुद्ध पडलेलं एक मत

मनेआबात, म्हणजे गावाच्या सभाघरात, मतमोजणी संपली तेव्हा गावच्या एकशे त्रेचाळीस मतांपैकी एकशे बेचाळीस कैरोरोला पडली होती, आणि एक दुसऱ्याला.

कैरोरो गावचाच पोरगा. राजधानीला, तरावाला जाऊन खासदार झाला, आणि आता राष्ट्राध्यक्षपदाला उभा होता. सगळ्यांनी त्यालाच मत द्यायचं असं म्हाताऱ्यांनी मनेआबात बसून ठरवलं होतं. कुणी नाही म्हटलं नव्हतं. त्यामुळे ते एक मत सगळ्यांना झोंबलं.

दोन दिवसांनी रेडिओवर निकाल आला. कैरोरो साडेतीन हजार मतांनी पडला होता. एका मताने काही बिघडलं नव्हतं, पण गावाचा राग कुठेतरी निघायला हवा होता, आणि मारेवे आयती सापडली. ती लग्न होऊन दुसऱ्या बेटावरून आलेली, आणि जिंकलेला उमेदवार नेमका तिच्या माहेरचा. कुणी तोंडावर काही बोललं नाही. ओहोटीला शिंपले वेचायला बायका तिला हाक न मारताच निघून गेल्या. मनेआबात तिच्या शेजारची जाऊ चटई उचलून दोन हात लांब सरकली.

मारेवेने मत कैरोरोलाच दिलं होतं. मग तिलाही शंका खायला लागली. नवरा, बाउरो, मत द्यायला आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नव्हता. निवडणुकीआधी कैरोरोच्या माणसांनी जाळी वाटली तेव्हा त्याला जुनंच जाळं मिळालं होतं, त्याचा राग होताच. ती त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघायची. तो तिच्याकडे तसाच बघत होता, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

एका संध्याकाळी माडी काढून बाउरो झाडावरून उतरला आणि म्हणाला, "शनिवारी कैरोरो येतोय. म्हातारे म्हणतायत, मनेआबाला दंड म्हणून एक डुक्कर द्या, विषय मिटवा. मी हो म्हटलंय."

"कशाबद्दल डुक्कर?"

"आता तुला सांगायला हवं का?"

ती त्या दिवशी जेवली नाही.

तिला अजून घरी बोलावणारी एकच बाई होती, कैरोरोची आई किनाई. ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी अधू. मारेवे तिच्याकडे चटई विणायला जायची. अलीकडे किनाई तिला फारच जपत होती. उकडलेल्या बबाईच्या कंदाचा चांगला तुकडा तिच्यासाठी बाजूला ठेवायची, सारखा पाठीवरून हात फिरवायची. ज्याचं नुकसान केलं असा संशय, त्याच्याच आईची ही माया कशी? मारेवेने विणायच्या पाती खाली ठेवल्या.

"आजी, त्या दिवशी मदतीला कुणाला आत घेतलं नाहीत तुम्ही. खूण कुठे केलीत, दिसलं का नीट?"

किनाई पाती चाचपत राहिली.

"दिसलं गं. नीट बघूनच केली."

बाप मेला तेव्हा कैरोरो तिसऱ्या दिवशी विमानाने परत गेला होता, तिने सांगितलं. त्यानंतर चार वर्षं आलाच नव्हता. राष्ट्राध्यक्ष झाला असता तर तिला पुरायलाच आला असता.

"मग हे गावाला सांगा, आजी."

"त्याला काय वाटेल?"

"आणि मला काय वाटतंय?"

म्हातारीने पाती पुन्हा विणायला घेतल्या.

शनिवारी मनेआबा भरली. कैरोरो खांबाला टेकून बसला होता, वाळलेला, दाढी वाढलेली. जेवणं झाल्यावर म्हाताऱ्यांपैकी तेबानो बाउरोकडे वळून म्हणाले की डुक्कर आणायला हरकत नाही. बाउरो उठला. मारेवेने किनाईकडे पाहिलं. किनाईची मान खालीच होती.

"मी मत कैरोरोलाच दिलं," मारेवे बसल्या जागेवरून म्हणाली. "आमच्या घरून डुक्कर निघणार नाही."

कुणीतरी हसलं. तेव्हा किनाई दोन्ही हात जमिनीला टेकून उभी राहिली.

"डुक्कर माझ्या घरून न्या. ते मत माझं."

 मग कुजबुज सुरू झाली. म्हातारी मोठ्या मनाची, परक्या सुनेला पाठीशी घालते, असं मागच्या बायका म्हणत होत्या. विश्वास बसला तो एकट्या कैरोरोचा. तो आईकडे बघत राहिला, मग उठून तिच्याजवळ गेला, तिला खाली बसवलं आणि शेजारी बसून राहिला. सोमवारचं विमान त्याच्याशिवाय गेलं.

घरी जाताना बाउरो म्हणाला, "मला आधी सांगायचं होतंस."

"तू विचारलंस कधी?"

"विचारलं होतं."

"नाही. हो म्हणून आलास आणि मग मला सांगितलंस."

पुढच्या बोटीने ती माहेरी गेली. बाउरो धक्क्यावर उभा होता. थांब म्हणायची त्याला लाज वाटली असावी. दोन महिन्यांनी ती परत आली. शिंपले वेचायला जाताना बायकांनी तिला हाक मारली. ती गेलीही, पण त्यांच्यापासून जरा लांब, दुसऱ्या टोकाला वेचत राहिली.