तक्रार नाही, साहेब

आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही, असं सासूबाई सगळ्यांना सांगत फिरतात. साफ चूक. वरिष्ठ समोर आला की हे धादांत खोटं बोलतात, आणि तेही ताठ मानेनं.

फौजेत तोफगोळ्यांच्या पेट्या उचलून उचलून ह्यांच्या कमरेची वाट लागली. शीर दबून उजव्या पायाला सतत मुंग्या येतात. अर्धशिशी उठली की घरात भांडं वाजलेलं खपत नाही. लेक टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघते. हे दुखणं नोकरीतच जडलं असं डॉक्टरांनी मान्य केलं, तरच अपंगत्वाचं पेन्शन मिळणार होतं. अर्ज एकदा फेटाळला गेला होता. ही शेवटची तपासणी.

आठवडाभर मी ह्यांची शिकवणी घेतली. दुखतं ते दुखतं म्हणायचं, त्यात लाजायचं काही नाही. ह्यांनी शहाण्यासारखी मान डोलावली.

तपासणीच्या खोलीत डॉक्टर गणवेशात बसले होते. त्यांच्या खांद्यावरचा हुद्दा दिसला मात्र, हे खाडकन सावधान झाले. छाती पुढे, टाचा जुळलेल्या, नजर समोरच्या भिंतीवर.

"काय त्रास होतो?"

"तक्रार नाही, साहेब."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरांनी वर न बघता तेच लिहून घेतलं. सरळ उभे राहू शकतात, असंही लिहिलं. मी तोंड उघडलं तर पेशंटला बोलू द्या म्हणून मलाच सुनावलं. वा रे न्याय! दुखलं तरी हूं की चूं करायचं नाही, हे ह्यांच्या अंगात भिनवलं कुणी? या फौजेतल्या साहेबांनीच ना? आणि आता तेच ह्यांच्याविरुद्ध पुरावा.

डॉक्टरांनी पुढच्याला बोलवायला सांगितलं. हे हलेनात. हुकुमाशिवाय हलतील कसे? कपाळावरून घाम ओघळत होता, जबडा आवळलेला होता.

मग मीच दिला हुकूम. "विश्राम."

सवयीनं अंग सैल पडलं आणि हे कमरेतून मोडलेच. दोन्ही हात डॉक्टरांच्या टेबलावर आदळले.

"आई गं," हे म्हणाले.

लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. पण रडायला मी आले नव्हते.

"हे लिहा," मी डॉक्टरांना म्हटलं. "जसंच्या तसं."