चवदार तळ्याची सहल

“आमच्या शाळेत जातपात औषधालासुद्धा सापडायची नाही, साहेब!” हेडमास्तर गुरुदास मास्तरांनी तपासणीला आलेल्या साहेबांना छातीवर हात ठेवून सांगितलं आणि पाणी मागवलं.

पाणी दुसऱ्या शिपायाने, बाबलीने, आणलं. दारातला धोंडू शिपाई जागचा हलला नाही. घंटा, झाडू, किल्ल्या धोंडूकडे. विहीर आणि पाण्याची भांडी तेवढी बाबलीकडे. ह्याला शाळेत जातपात नाही, पद्धत म्हणत. पाच वर्षांपूर्वी, छप्पन साली, धोंडूची अख्खी वाडी बौद्ध झाली होती. पण ते शाळेच्या विहिरीला कोणी कळवलं नव्हतं.

साहेब खूश झाले. म्हणाले, मग मुलांना महाडला न्या. पाण्याच्या हक्कासाठी माणसं लढली ते चवदार तळं दाखवा. झालं! कट्टा गावाहून एसटी ठरली, आणि सामान चढवायला धोंडूही.

घरी राधाबाई, धोंडूची आई, अंथरुणाला खिळलेली.

“धोंड्या, थंयसून तळ्याचा पाणी हाड माका. तुझो बापूस थंय सत्याग्रहाक गेल्लो तेव्हा हाडतलो होतो. डोक्यार काठयो खावन इलो, बाटली थंयच फुटली. पाणी गोड, म्हणत होतो. मरताना माका गंगा नको, तां तोंडात घाल.”

“तू खंय मरतस गो आये?”

“तू हाड तर. मगे बघूया.”

धोंडूने पाणी आणायला फिरकीच्या झाकणाचा तांब्या चिंचेने घासून पिशवीत घातला.

निघताना हेडमास्तरांच्या आईने, काशीबाईंनी, घरच्या विहिरीच्या पाण्याचा हंडा गाडीत चढवला. “परक्या गावचा पाणी पोरांका बाधता.” असं आमचं हायस्कूल पाण्याच्या तळ्याला स्वतःचं पाणी घेऊन निघालं. एका वळणावर हंडा कलंडला, धोंडूने हात पुढे केला.

“धोंडू, हात नको!” हेडमास्तर ओरडले. धोंडूने हात मागे घेतला. अर्धा हंडा हेडमास्तरांच्या वळकटीत गेला.

महाडला पोचल्यावर मुलांना पायऱ्यांवर बसवून हेडमास्तरांनी भाषण सुरू केलं. “मुलांनो, पाण्याला जात नसते!” म्हणत दोन्ही हात पसरून ते एक पायरी मागे सरकले. पायरीवर शेवाळ होतं. हेडमास्तर चष्म्यासकट तळ्यात गेले. धोंडूने उडी मारून त्यांना बखोटीला धरून बाहेर काढलं. मुलांना पाण्याला हात लावायची बंदी होती, त्यामुळे त्या दिवशी चवदार तळ्याचं पाणी प्यायले ते एकटे हेडमास्तर.

धोंडूने तांब्या भरून घेतला. ओंजळ तोंडाशी नेली आणि सोडून दिली. आधी आयेक.

परतताना घाटात इंजीन तापलं. व्हाळ-ओढे सुके ठणठणीत. ड्रायव्हरने पाणी मागितलं.

“हंड्यातलं मुलांच्या पिण्याचं आहे,” हेडमास्तर म्हणाले. “धोंडू, तुझं दे रे.”

“मास्तरानू, आयेसाठी घेतलंय. ती वाट बघता.”

“अरे, समतेसाठी लोकांनी डोकी फोडून घेतली, आणि तुला एक तांब्या सोडवत नाही?”

धोंडूने बापाचं नाव काढलं नाही. तांब्या पुढे केला. “भाऊ, घोटभर तरी ऱ्हवांदे.”

ड्रायव्हरने तांब्या शेवटच्या थेंबापर्यंत उपडा केला. इंजीन गार झालं.

रविवारी उजाडता उजाडता गाडी शाळेपाशी आली. सगळे आपापल्या घरी गेले. धोंडू कुलूप लावायला मागे राहिला. मग रिकामा तांब्या घेऊन शाळेच्या विहिरीवर गेला आणि बादली सोडली. जन्मात पहिल्यांदा. तांब्या भरला, पण सवय नसलेल्या हातातून बादली दोरासकट परत आत गेली.

राधाबाईने पडल्यापडल्या दोन घोट घेतले.

“कसा आसा गो?”

“गोड,” ती म्हणाली. “तुझो बापूस खोटा नाय बोललो. आता तू पी.”

धोंडूने घोट घेतला. आई बघत होती, म्हणून गिळला.

दुपारी राधाबाई गेली.

ती गेल्यावर धोंडू चार दिवस घरीच होता. सोमवारी बाबलीला बादली दिसेना. रविवारी किल्ल्या कोणाकडे होत्या, हे शाळेला ठाऊक होतं. बादली काढायला विहीर उपसावी लागेल, असं हेडमास्तरांनी जाहीर केलं आणि मुलांना सुट्टी दिली. बादली गळाला पहिल्या फेरीतच लागली. उपसा मात्र संध्याकाळी रहाट मोडेपर्यंत चालला.