काउट्झचं टोकन

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आम्ही टोकनवाले चर्चच्या तळघरात जमतो. दीडशेएक वर्षांपूर्वी अमेरिकेच्या यादवी युद्धात सुटी नाणी बाजारातून नाहीशी झाली, तेव्हा आमच्या ओहायोतल्या दुकानदारांनी आपापल्या नावाची तांब्याची टोकनं पाडून घेतली. ती गोळा करण्यात आमची हयात गेली. नवं सापडलेलं टोकन टेबलाभोवती हातोहात फिरतं आणि शेवटी एलवुड स्ट्रिकलरकडे पोचतं. तो म्हणेल ते खरं, अशी रीत.

त्या मंगळवारी डार्लीन काउट्झ आली. ती गावाबाहेर, चाकांवरच्या घरांच्या वस्तीत राहते. परसात बटाटे काढताना तिला टोकन सापडलं होतं : ‘ए. काउट्झ, जोडे व बूट’.

“गावात आमचं दुकान होतं असं आजी सांगायची. लोक हसायचे तिला,” ती म्हणाली. “खरं असेल तर तेवढं लिहून द्या.”

मी कड पाहिली. साच्यात ओतलेल्या नकलेला कडेला जोडाची शिवण असते, इथे नव्हती. अस्सल होतं. पण काउट्झचं जगातलं एकमेव टोकन एलवुडकडे, असं एलवुडनेच छापलेल्या यादीत आहे.

त्याने बराच वेळ भिंग लावलं.

“जत्रेतली नक्कल आहे, पोरी. अशी पोत्यानं मिळतात.”

“म्हणजे आजी थापा मारायची?”

“आज्या मारतातच!” कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. एलवुडने माझ्याकडे पाहिलं. मी कॉफीचा घोट घेतला.

रविवारी पाद्रीबाबांचं प्रवचन नेहमीसारखं बोलता बोलता सुरात चढलं. ‘खोटी साक्ष देऊ नकोस’ ही ओळ त्यांनी घोळवून घोळवून गायली आणि बाकी मंडळींबरोबर मागून साथ देताना माझे डोळे भरून आले. तरी डार्लीनकडे जायला मला आणखी पंधरा दिवस लागले.

ती पायरीवर बसली होती. कुत्र्याच्या गळपट्ट्याला टोकन लोंबत होतं. मधोमध भोक, नावातली दोन अक्षरं ड्रिलने खाल्लेली.

“बाई, ते खरं होतं.”

ती कुत्र्याला थोपटत राहिली. “तेव्हाच कळलं होतं तुम्हाला?”

“हो.”

“मग मला काय सांगता, काका? ज्यांच्यासमोर माझी आजी खोटी पडली, त्यांना सांगा.”

“सांगतो,” मी म्हणालो.

पुढच्या बैठकीच्या मंगळवारी मी एलवुडला फोन केला आणि गुडघा धरलाय, येत नाही, असं कळवलं.